सात नंबरचा व्हिडिओ

१

जेवणं आटोपली, खरकटी भांडी मोरीत गेली, की दुपारी दोन ते तीन हा तास राहीचा ठरलेला होता. मागच्या खोलीत स्टुलावर बसायचं आणि जळणाऱ्या गॅसबत्तीकडे बघत राहायचं. लग्नाला अडीच महिने झाले होते. माहेरच्या बायका फोनवर विचारायच्या, दुपारची काय करतेस गं, पडतेस का जरा? राही म्हणायची, हो, पडते. बत्ती राखत बसते असं सांगितलं असतं, तर त्याचा खुलासा होईपर्यंत तिकडच्या कुकरला दोन शिट्ट्या जास्त झाल्या असत्या.

त्यातून राही अलोऱ्याची. कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत वाढलेली, वडील पॉवर हाऊसवर. त्यांच्या घरी मेणबत्ती दिसायची ती फक्त कोणाच्या वाढदिवसाला. वीज जिथं तयार होते तिथली मुलगी, आणि दिली कुठं, तर भाट्याला, बत्त्यांच्या घरात.

बत्त्या निहारच्या आजोबांच्या. लग्नाच्या वरातींना ते त्या भाड्यानं द्यायचे. गावोगाव वीज आली तसा धंदा बसला आणि बारा बत्त्या पोत्यांत गुंडाळून माळ्यावर गेल्या. निहारनं त्या खाली काढल्या, कारण आता शहरातल्या लोकांना समुद्राकाठी तंबू ठोकून राहायची हौस आली होती, आणि तंबूत त्यांना जुन्या वस्तू हव्या होत्या. मात्र त्या जुन्या वस्तू नव्यासारख्या चालायला हव्या होत्या. एका नव्या रिसॉर्टनं बाराच्या बारा मागितल्या.

निहार चिंच लावून पितळी टाक्या घासायचा, पंपातलं वाळून कडक झालेलं चामड्याचं वॉशर बदलायचा, साबणाच्या फेसानं गळती शोधायचा. आणि शेवटी त्याची स्वतःची करामत, इग्नायटर. पूर्वी बत्ती पेटवायची म्हणजे वाटीत स्पिरिट ओतून काडी लावावी लागे. त्यानं स्पिरिटच्या वाटीशी एक तार आणून ठेवली होती आणि टाकीच्या बुडाशी काळं बटण. बटण दाबलं की ‘टक’ आणि निळी ठिणगी.

“पुण्याच्या माणसाला काडी ओढता येत नाही,” तो म्हणायचा. “बटण दाबता येतं.”

“आणि हवा भरायला पंप मारायचा त्याचं काय?”

“त्याला ते व्यायाम म्हणतात.”

तिला तो तेव्हा आवडायचा. हात पितळेनं हिरवट झालेले, कानामागे पाना. मेंटल बांधायलाही त्यानंच शिकवलं. नवं मेंटल म्हणजे पांढरी मऊ पिशवी. ते बांधून आधी जाळायचं. त्याची नुसती राख उरते, आकार तेवढा तसाच राहतो. उजेड देते ती ही राख. बोट लागलं की संपलं.

“म्हणजे आधी जाळून घ्यायचं आणि मग घरात उजेड पाडायला सांगायचं,” राही म्हणाली होती. “पद्धत ओळखीची वाटते.” आप्पा, तिचे सासरे, ओटीवरून खाकरले होते. निहार हसला होता.

रिसॉर्टच्या मॅनेजरची, स्वरूपची, एक अट होती. प्रत्येक बत्ती सलग तासभर जळतानाचा व्हिडिओ हवा, अंधाऱ्या खोलीत. म्हणून मागच्या खोलीच्या खिडकीला काळं प्लास्टिक ठोकलं, वर धूर जायला वीतभर फट ठेवली. मधोमध टेबल, टेबलावर बत्ती, समोर तिकाटण्यावर मोबाइल. पेटती बत्ती एकटी सोडायची नाही, म्हणून स्टुलावर राही.

अलोऱ्याच्या शाळेनं तिची जागा जूनपर्यंत राखली होती. बारा बत्त्या पोचल्या की दोघांनी निघायचं, निहारनं चिपळुणात दुकान बघायचं, असं लग्नाआधीच ठरलेलं होतं. त्यामुळे एकेक व्हिडिओ गेला की राही मनातल्या मनात एक पिशवी भरायची. वैशाख लागेपर्यंत अकरा गेले. अडला तो सात नंबर.

२

“हात हलतोय तुमचा,” स्वरूपचा निरोप आला. “बाकीचे कसे स्टेडी आहेत. हा परत काढा.”

हात कोणाचा हलणार? मोबाइल तिकाटण्यावर होता आणि तिकाटणं फरशीवर. निहारनं व्हिडिओ न बघताच परत काढू म्हटलं, टाकी भरली, बटण दाबलं, बत्ती लागली तशी “सोल्डरचा डाग द्यायचं काम राहिलंय” म्हणत बाहेर गेला. जाताना दार ओढून घेतलं. उजेड आत यायला नको म्हणून.

राही बसली. बत्तीचा तो एकसुरी फस्स आवाज सुरू झाला. त्या आवाजाची सवय झाली की तो ऐकू येईनासा होतो, आणि मग घरातले बाकीचे आवाज ऐकू येतात. आज आप्पांच्या चपला वाजल्या. भर दुपारी, डोक्यावर टोपी चढवून, ते फाटकातून बाहेर पडत होते. भाट्याच्या किनाऱ्यावर या उन्हात कुत्रंसुद्धा नसेल.

दहा-बारा मिनिटांनी तिला दिसलं. हलत काही नव्हतं. टेबल, बत्ती, स्टूल, कोपऱ्यातली भाताची रिकामी कणगी, सगळं जागच्या जागी. हलत होत्या त्या सावल्या; पहिल्या खेपेला तिनं भिंतीकडे बघितलंच नव्हतं. कणगीची सावली भिंतीवर थोडी डावीकडे जायची, थोडी उजवीकडे यायची. डावीकडे, उजवीकडे.

राही विज्ञान शिकवायची. सातवीच्या पोरांना ती सांगायची, आधी बघा, मग बोला. ती उठली, पेलाभर पाणी आणून टेबलावर, बत्तीच्या शेजारी ठेवलं. पाण्यावर लहरसुद्धा नव्हती. पेल्याची सावली मात्र टेबलावर डुलत होती.

हवेचा दाब कमीजास्त होत असेल, तिनं स्वतःला सांगितलं. मेंटलमध्ये ज्योत एका बाजूला खेचली जात असेल. मग उजेड मंद-तेज व्हायला हवा. तो होत नव्हता. एकसारखा, पांढराफेक, स्थिर उजेड होता, आणि त्या उजेडात खोली चालत होती. ‘चालत’ हा शब्द तिच्या मनात कसा आला, ते तिला कळेना. तो डोक्यातून काढायचा म्हणून तिनं डोलणं मोजलं. एका मिनिटात नव्वद. कोणी ओझं घेऊन, घाई न करता, अनवाणी चालावं तशी चाल.

३

“मेंटल बदलतो,” निहार म्हणाला. त्यानं मेंटल बदललं. काच बदलली, पंपाचं वॉशर बदललं, इग्नायटरसुद्धा नवा बसवला. जुनी उरली ती फक्त टाकी, खालच्या कडेला पांढऱ्या रंगात ‘७’ लिहिलेली.

“निहार, तू बस ना एकदा.” चारचौघांत ती त्याला अहो म्हणायची, मागच्या खोलीत अरे. “तुझ्या डोळ्यांनी बघ.”

“डोळ्यांवर ताण येतो गं, पांढरा उजेड असतो. मध्ये मध्ये खाली बघत जा.”

“पाणी ठेवून बघितलं मी.”

“बाई, तू शाळेत जा लवकर,” तो हसून म्हणाला. “इथं तुझी प्रयोगशाळा व्हायला लागली.” आणि गेला. दार ओढलं. आप्पांच्या चपला वाजल्या.

दुसऱ्यांदा डोलणं लगेच सुरू झालं, जणू मागच्या वेळी जिथं थांबलं तिथून पुढं. अर्ध्या तासानं तिच्या लक्षात आलं की भिंतीवर कणगीची सावली नाही. कणगी कोपऱ्यात होतीच. तिच्याऐवजी भिंतीवरून उंच, सरळ, बारीक सावल्या एकामागून एक सरकत होत्या, समोरच्या कोपऱ्यातून उगवत, बाजूनं लांबत, मागं जाऊन मावळत. गाडीच्या दिव्यात झाडं मागं जातात तशी. सरळसोट खोड, वर झिपऱ्या. सुरूची झाडं. खाडीकडून गावात येताना सुरूचं बन लागतं, ते ती रोज बघत होती.

तिनं डोळे मिटले, उघडले. खोडं जातच होती. उजेड टेबलावर होता आणि उजेड सुरूच्या बनातून चालला होता. भीती वाटायच्या आधी तिला राग आला. ही काय पद्धत झाली? जी गोष्ट समोर आहे तिची सावली पडावी, एवढा साधा नियम.

तीन वाजता तिनं चावी फिरवली. फस्स आवाज दमला, मेंटल तांबूस झालं, विझलं. खोली खोलीसारखी झाली.

स्वरूपचा निरोप संध्याकाळी आला. “अहो, चालत चालत काय शूट करता?”

४

आवडाबाई मासे घेऊन यायची ती मागच्या दारी. सत्तरीला टेकलेली, पण पाटी डोक्यावरून उतरवायला कोणाचा हात लागत नसे. त्या दिवशी अकरा बत्त्या खळ्यात, म्हणजे अंगणात, उन्हात ओळीनं मांडल्या होत्या, आणि बारावी जरा बाजूला.

“काय गो सूनबाय, वरात काढतंस काय? तुजी तर झाली मगाशीच!”

“शहरातल्या लोकांसाठी आहेत, आवडाबाई. तंबूत लावणार.”

“लाव म्हणावं. डास येतील ढीगभर.” ती बसली, पदरानं मान पुसली, बांगडे मांडले. “माझी आय न्यायची ह्या डोकीवर. आमच्या वाडीतल्याच बायका असायच्या सगळ्या. नवरा-नवरीच्या दोन बाजूंनी चालायचं. जड तरी किती! वरून ती धग.”

“रात्रभर?”

“वरात दारात पोचली, की लोकं आत, बत्तीवाल्या भायेर. उभं ऱ्हायाचं. कोण बोलवील तेव्हा जायाचं.” आवडाबाई हसली, तिला पुढचे दोन दात नव्हते. “आय सांगायची, उजेड मेला समद्या गावाला, आणि आपल्याला दिसतात फकस्त आपलीच पावलं. ती पण काळोखात. सावली सगळी पायांशी गोळा झालेली असायची ना!”

राहीनं बांगडे उचलता उचलता सहज विचारल्यासारखं विचारलं, “सात नंबर कोण न्यायचं?”

आवडाबाईनं बाजूला ठेवलेल्या बत्तीकडे पाहिलं. तिला आकडा वाचता येत होता की नाही कोण जाणे, पण ती तिकडेच पाहत राहिली.

“आवडाबाई? सगळ्या परत यायच्या ना वरातीवरून?”

“बत्त्या आल्या सगळ्या,” आवडाबाई म्हणाली.

तिनं राहीच्या हातातले बांगडेसुद्धा पाटीत परत टाकले, पाटी डोक्यावर घेतली आणि गेली. घरात त्या दिवशी कुळथाचं पिठलं झालं. आप्पांनी मासे का नाहीत असं विचारलं नाही. एरवी ते पानात वास नसला की घास मोजून खायचे.

५

तिसऱ्या वेळी राही वही घेऊन बसली. आपण घाबरलो आहोत हे मान्य करण्यापेक्षा निरीक्षण लिहिणं सोपं होतं. दोन वाजून आठ मिनिटं: सुरूचं बन संपलं. दोन वाजून तेरा: पायऱ्या, बहुतेक पाखाडीच्या, गावात चढणाऱ्या दगडी वाटेच्या. चाल मंदावली, सावल्या दर पावलाला वरखाली. दोन एकतीस: फणस, खोडाला दोन फाटे. तो फणस अजून वळणावर उभा होता. एक फाटा तोडलेला होता, इतकंच.

दोन चाळीसला आवाराचा दगडी गडगा आला, डाव्या भिंतीवर, जांभ्याचे चिरे एकेक मोजावेत इतका स्पष्ट. गडग्याच्या वर एक मांजर बसलेलं होतं. त्याची सावली उठली, पाठ ताणली आणि उडी मारून नाहीशी झाली. राहीनं पेन खाली ठेवलं. झाडं, दगड, पायऱ्या एक वेळ ठीक होत्या. पण त्या मांजरानं कोणाला तरी पाहिलं होतं.

तीनला तिनं चावी फिरवली, दार उघडलं आणि तशीच पडवीत गेली. निहार स्टोव्हवर सोल्डरिंगचं लोखंड तापवत होता. तिनं वही त्याच्यापुढं धरली नाही. नुसतं म्हणाली,

“आज गडगा दिसला. आपला.”

निहारनं वर पाहिलं नाही. “बेडं नाही ना दिसलं अजून?”

राहीनं वही मिटली. स्टोव्ह फुरफुरत होता.

“कुठलं बेडं?”

त्याचा हात थांबला.

“आपल्याकडे लोखंडी फाटक आहे, निहार. मी आले तेव्हापासून फाटकच आहे. बेडं कुठलं?”

“असंच म्हटलं गं. पूर्वी सगळ्यांकडे बेडीच असायची. बांबू आडवे सरकवायचे...”

“बेडं काय असतं ते मला माहीत आहे. तुला कसं माहीत, गडग्यानंतर बेडं येणार ते?”

बराच वेळ तो लोखंडाचं टोक फडक्यावर घासत बसला. मग म्हणाला, “मी बसायचो ना, गेल्या वर्षी. पहिली तीच दुरुस्त केली होती. बेड्यापर्यंत यायची. पहिला बांबू सरकला की मी बंद करायचो. मग परत पहिल्यापासून. खाडीपासून. कितीदा तरी. माणूस बदललं तर जाईल असं वाटलं मला.”

“मग?”

“मग काय? मग लग्न ठरलं.”

त्यानं हे इतक्या साधेपणानं सांगितलं की राहीला क्षणभर त्यात काही वावगं वाटलंच नाही. मग तिला ते कळलं. बदललेलं माणूस म्हणजे ती.

६

रात्री वाढताना तिनं आप्पांना विचारलं. “आप्पा, आपल्याकडे आधी बेडं होतं का?”

आप्पांनी भात कालवला. “होतं. मीच काढलं, फाटक बसवलं.”

“का?”

“बेडं कोणालाही बाहेरून काढता येतं, सूनबाई. फाटकाला कुलूप लागतं.”

“आणि कोणी बाहेर उभं असेल तर?”

“आमटी वाढा,” आप्पा म्हणाले.

तिनं वाढली. मुकाट वाढण्याबद्दल तिचं या घरात कौतुक होतं. शांत आहे हो मुलगी, असं आप्पा शेजाऱ्यांना सांगायचे.

झोपायच्या खोलीत निहार भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “नको देऊया आपण सात नंबर. अकरा घ्या म्हणतो त्याला.”

“तो घेणार नाही. बारा तंबू आहेत.”

“मग ऑर्डर जाऊ दे.”

“आणि आपण अलोऱ्याला कधी जायचं?”

त्यानं चादर खांद्यावर ओढली. पुढच्या वर्षी, हे त्याला बोलावं लागलं नाही. राही छताकडे बघत पडली. ती भुताखेतांचा विचार करत नव्हती, स्टुलाचा करत होती. त्या खोलीत एकच स्टूल होतं. पहिल्या दिवसापासून एकच. आपल्याबरोबर बसायला दुसरं कोणी आणलंच नव्हतं.

“एकदाच काढू,” ती शेवटी म्हणाली. “मध्ये बंद करायचं नाही. काय यायचं ते येऊ दे, सावलीच आहे, सावलीनं आजवर कोणाला ओरखडा काढलेला नाही. पण तू माझ्याशेजारी बसायचंस. पूर्ण तास.”

“बसतो.”

“शेजारी. दारात नाही.”

“बसतो म्हटलं ना!”

तिला बत्तीचं काही सिद्ध करायचं नव्हतं. हा माणूस एक तास आपल्याशेजारी बसतो का, एवढंच तिला बघायचं होतं. जूनमध्ये एकटीनं एसटीत बसायचं की दोघांनी, ते त्यावर ठरणार होतं.

७

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वयंपाकघरातून दुसरं स्टूल आणलं आणि तिच्या स्टुलाला लागून ठेवलं. आप्पा दीड वाजताच टोपी घालून बाहेर पडले होते. निहारनं हवा भरली, बटण दाबलं. टक. ठिणगी पडली नाही. टक. तिसऱ्यांदा स्पिरिट निळं पेटलं. त्यानं बटणावरचं बोट शर्टाला पुसलं. राहीनं ते पाहिलं आणि तिला त्याची कीव आली. जराशी मायाही आली, खोटं कशाला बोला.

बत्ती लागली. मोबाइलवर लाल ठिपका लुकलुकू लागला.

या वेळी सुरूची झाडं नव्हती, पाखाडी नव्हती. भिंतीवर पहिल्यापासूनच गडगा होता, आणि समोर, दाराच्या अंगाला, दोन जाड खांब आणि त्यांच्यामध्ये आडवे पाच बांबू. डोलणं थांबलेलं होतं. उजेड बेड्याबाहेर उभा होता.

पाच मिनिटं गेली. दहा. बत्तीचा आवाज तेवढा होता.

“बंद करूया,” निहार पुटपुटला.

“नाही.”

वरच्या बांबूची सावली सरकली. हळू, कोणाला आवाज जाऊ नये अशा बेतानं. ती खांबातून निघाली आणि नाहीशी झाली. मग दुसरा बांबू सरकला, मग तिसरा. राहीनं निहारचा हात धरला. तो गार होता, पण त्यानं तो सोडवून घेतला नाही. चौथा गेला. पाचवा अगदी खालचा होता. तो काढायला वाकावं लागतं, आणि डोक्यावर बत्ती असली तर वाकता येत नाही. तो राहिला. उजेड त्याच्यावरून पाऊल टाकून आत आला. ओलांडताना सगळी खोली एकदा वर उचलल्यासारखी झाली आणि खाली बसली.

मग खळं. तुळशीवृंदावन भिंतीवरून गोल फिरून मागं गेलं. ओटीचे खांब, पडवीचे वासे. राही पावलं मोजत होती, मोजायचं नव्हतं तरी. स्वयंपाकघराच्या दाराशी उजेड थबकला, जणू कोणी म्हणतंय का ‘ये’, याची वाट बघत. कोणी म्हणालं नाही. तो पुढं निघाला.

मागच्या खोलीच्या दाराची चौकट भिंतीवर उमटली, मोठी झाली, कडेनं फाकली आणि गेली. आणि मग सावल्या ओळखीच्या होत्या. कणगी, तिकाटणं, दोन स्टुलं, स्टुलांवर दोन माणसं. त्या डोलत डोलत जवळ आल्या, आपापल्या जागी बसल्या, थांबल्या. आता जिथं बत्ती होती तिथंच उजेड होता.

“झालं,” निहार म्हणाला. “राही, झालं बघ. हलत नाहीये.”

८

उजेड खाली उतरत होता. डोक्यावरून काही जपून उतरवताना उतरतं तसा. त्यांच्या दोघांच्या सावल्या भिंतीवर उंच होत गेल्या आणि त्या दोघांच्या मध्ये, जिथं काहीच नव्हतं, तिथं तिसरी सावली उभी राहिली. इतका वेळ ती उजेडाखाली होती, म्हणून दिसली नव्हती. आधी दोन हात, वर धरलेले. मग कोपरं. मग बारीक खांदे, आणि एका बाजूला कललेली मान, जी आता सरळ व्हायला बघत होती आणि होत नव्हती. चेहरा सावलीला नसतो. पण ती कोणाकडे वळली ते कळतं.

ती आधी निहारकडे वळली.

निहारनं हात सोडवून घेतला. स्टुलाचे पाय फरशीवर करकरले. तो मागं सरकला, फार नाही, हातभर. तेवढ्यानं राही त्याच्या पुढं आली.

तिनं वळून पाहिलं. त्याच्या तोंडावर क्षमा मागितल्यासारखं काहीतरी होतं, पण तो पुढं आला नाही. “अगं, मी फक्त...” तो म्हणाला.

भिंतीवरचे हात परत वर उचलले गेले.

उजेड चढला. बत्ती टेबलावरच होती, तिला कोणी शिवलं नव्हतं, पेल्यातलं पाणी तसंच होतं. उजेड मात्र चढला, आणि भिंतीवरच्या सगळ्या सावल्या खाली येऊ लागल्या. राहीनं स्वतःची सावली भिंतीवरून उतरताना पाहिली, कंबरेपर्यंत, गुडघ्यापर्यंत, मग फरशीवर, मग स्टुलाखाली. तिच्या मानेत काहीतरी बसलं. दुखलं नाही, फक्त बसलं. केसांना धग लागली.

तिसरी सावली दारातून बाहेर गेली, मान चोळत. खळ्यात पाचवा बांबू पडल्याचा आवाज झाला.

तीन वाजले तसं निहारनं उठून मोबाइल बंद केला. व्हिडिओ मागंपुढं करून पाहिला. “स्थिर आलाय,” तो म्हणाला. “पहिल्यापासून शेवटपर्यंत स्थिर. पाठवतो.” त्यानं बत्तीची चावी फिरवली. आवाज दमला, मेंटल तांबूस होऊन विझलं. त्यानं खिडकीचं प्लास्टिक ओढून काढलं, आणि तिरपं ऊन फरशीवर आलं.

उन्हानं टेबलाची सावली भिंतीकडे पडायला हवी होती. ती दाराकडे पडली होती. कणगीची कोपऱ्यात दडली होती, तिकाटण्याची उलट्या बाजूला. खोलीतली प्रत्येक वस्तू आपली सावली राहीपासून दूर टाकत होती. निहारचीसुद्धा, लांबलचक, त्याच्या मागं दारापर्यंत गेलेली. राहीनं खाली पाहिलं. तिची सावली तिच्या पावलांशी होती, गोल, ताटलीएवढी. त्या काळोखात तिला आपली बोटं जेमतेम दिसत होती.

मोबाइल वाजला. स्वरूपनं अंगठा पाठवला होता.

“पास झालं,” निहार म्हणाला. तिच्या तोंडाकडे न बघता. “आता आपण... जूनमध्ये तू म्हणशील तेव्हा.”

राही उठली. उठताना तिची मान आपोआप ताठ राहिली आणि हात आधाराला वर गेला. तिनं एक पाऊल टाकलं. सगळी खोली डावीकडे डुलली. दुसरं टाकलं, उजवीकडे.

निहार दाराला पाठ लावून बाजूला झाला, पोट आत ओढून, डोक्यावर ओझं असलेल्या बाईला वाट देतात तसा.